धोक्याचे दिवे आणि त्यांची भाषा

यंत्र चालू असताना त्याच्या अंतर्भागात काय घडत आहे, हे ते चालविणाऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. बैलगाडी हाकणारा गाडीवान बैलाच्या चालीवरून तो थकला आहे की लंगडत आहे हे ओळखतो. चाकाचे वंगण संपले की त्याची कुरकुर गाडीवानाच्या कानी येते. अवजड मालमोटारीच्या चालकाला ही सोय नाही. त्याचे इंजिन पत्र्याआड बंद असते, ब्रेकमधील हवा नळ्यांतून वाहते, आणि मागील चाके त्याच्यापासून कित्येक मीटर दूर असतात. ह्या बंद घरातील बातमी चालकापर्यंत पोहोचविण्याचे काम त्याच्या समोरील दर्शक-फलक करतो.

ह्या फलकावर दोन प्रकारची साधने असतात. पहिला प्रकार काट्याच्या मापकांचा. वेग, इंधन, हवेचा दाब, पाण्याची उष्णता ह्यांचे मान काटा सतत दाखवीत असतो. परंतु त्याच्याकडे पाहण्याचे स्मरण चालकाने स्वतः ठेवावे लागते. दुसरा प्रकार दिव्यांचा. दिवा एरवी मूक असतो व एखादी मर्यादा ओलांडली गेली की मगच पेटतो. ही मर्यादा ठरविताना अभियंत्याने बहुधा चालकाच्या हाती थोडा अवधी शिल्लक ठेवलेला असतो. कधी तो काही सेकंदांचा असतो, कधी काही तासांचा. पेटलेल्या दिव्याने दिलेली खरी वस्तू म्हणजे हा अवधी होय. तो किती आहे आणि त्यात काय करावयाचे, हे ज्याला कळले त्याला दिव्यांची भाषा कळली असे म्हणावयास हरकत नाही.

रंगांचा अर्थ

दिव्यांवरील चिन्हे आज जगभर बहुतांशी एकसारखी आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्यांसाठी एक स्वतंत्र मानक ठरविले असून त्याचा क्रमांक २५७५ असा आहे. चिन्हांना शब्द नसल्यामुळे पंजाबातील चालक असो वा तमिळनाडूतील, दोघांनाही तेलाच्या झारीचे चित्र सारखेच वाचता येते.

चिन्हापेक्षाही आधी डोळ्यांत भरतो तो रंग. तांबडा रंग धोका दर्शवितो: गाडी सुरक्षित जागी थांबविणे आवश्यक आहे. पिवळा किंवा नारिंगी रंग सावधगिरीचा आहे: काहीतरी बिघडले आहे अथवा बिघडण्याच्या मार्गावर आहे, गाडी काही काळ चालविता येईल, पण तपासणी टाळता येणार नाही. हिरवा रंग एखादी योजना चालू असल्याचे सांगतो, आणि निळा रंग समोरच्या दिव्यांचा प्रखर झोत चालू असल्याचे. तांबडा व पिवळा ह्यांतील भेद हा मूलतः अवधीचा भेद आहे. पिवळा दिवा दिवसाची मुदत देऊ शकतो. तांबडा दिवा रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचण्यापुरतीच मुदत देतो.

तेलाची झारी

सर्व दिव्यांत सर्वांत तातडीच्या दिव्यांपैकी एक म्हणजे तेलाच्या दाबाचा. इंजिनमधील क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातूवर धातू घासत नाही. दोहोंच्या मध्ये तेलाचा एक पातळ थर असतो, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असते. पंप दाबाने तेल पुरवीत राहतो म्हणून हा थर टिकतो. दाब गेला की थर तुटतो, बेअरिंगचे मऊ धातूचे अस्तर तापून खरवडले जाते, आणि लाखो रुपयांचे इंजिन थोड्याच मिनिटांत जागच्या जागी आवळून बसते.

ह्या दिव्याची जुनी रचना अत्यंत साधी आहे. एका लहान डबीत एक लवचिक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस तेल, दुसऱ्या बाजूस स्प्रिंग. तेलाला दाब नसला म्हणजे स्प्रिंग दोन विद्युत्-संपर्क जोडून ठेवते व दिवा पेटतो. इंजिन चालू होऊन दाब वाढला की पडदा मागे सरतो, संपर्क तुटतो व दिवा विझतो. आधुनिक गाड्यांत ह्या डबीच्या जागी दाबानुसार बदलते विद्युत्-दाबाचे संकेत देणारा संवेदक असतो. पण तत्त्व तेच राहते.

हा दिवा चालत्या गाडीत पेटला तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. पुढचे गाव किंवा पुढचा धाबा गाठण्याचा मोह येथे महाग पडतो. काही मिनिटे थांबून, गाडी सपाट जागी असताना, तेलाची पातळी मोजपट्टीने पाहावी. पातळी खाली गेली असेल तर कारण उघड आहे. चढावर अथवा वळणावर दिवा क्षणभर लुकलुकत असेल, तरी बहुधा हीच स्थिती असते: तेल एका बाजूस वाहून जाते आणि पंपाच्या तोंडी हवा येते. पातळी योग्य असूनही दिवा पेटत असेल, तर दोष पंपात, गाळणीत अथवा खुद्द संवेदकात असू शकतो. त्याचा निर्णय कारागिराने दाबमापक लावूनच करावयाचा असतो.

पाणी, पट्टा आणि दोन दिव्यांची एक गोष्ट

इंजिनभोवती खेळणारे पाणी साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस ह्या दरम्यान राहावे अशी योजना असते. रेडिएटरचे झाकण हे पाणी दाबाखाली ठेवते. वातावरणाच्या दाबाहून एक बार अधिक दाब असेल, तर शुद्ध पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे घातक आहे. झाकण सैल होताच दाब एकदम उतरतो, शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी त्याच क्षणी उकळू लागते, आणि वाफेचा फवारा उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच अनिष्ट होय. धातूचा एक भाग झपाट्याने आकुंचन पावतो व सिलिंडरच्या माथ्याला तडा जाऊ शकतो.

उष्णतेच्या दिव्याबरोबरच पाण्याच्या पातळीचा वेगळा दिवा अनेक गाड्यांत असतो, आणि त्याला कारण आहे. नळी फुटून पाणी निघून गेले, तर उष्णतेचा संवेदक पाण्यात न राहता वाफेत अथवा हवेत लोंबकळत राहतो. अशा वेळी इंजिन प्रत्यक्षात जळत असतानाही काटा फसवा आकडा दाखवू शकतो. एका साधनाची उणीव दुसऱ्या साधनाने भरून काढावयाची, हा यंत्रशास्त्रातील जुना संकेत येथे दिसतो.

बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा पुष्कळांना किरकोळ वाटतो. अवजड मालमोटारीत बहुधा २४ व्होल्टची विद्युत्-योजना असते, आणि विद्युत्-जनित्र चालू असताना तो दाब सुमारे २८ व्होल्टपर्यंत नेते. जनित्राने काम थांबविले की सर्व भार बॅटरीवर येतो व हा दिवा पेटतो. तेवढ्याने गाडी लगेच बंद पडत नाही. परंतु पुष्कळ इंजिनांत जनित्र फिरविणारा पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. पट्टा तुटला तर प्रथम बॅटरीचा दिवा पेटतो, आणि थोड्या वेळाने उष्णतेचा काटा चढू लागतो. हे दोन वेगळे बिघाड नव्हेत. एकाच बिघाडाची ही दोन वाक्ये आहेत. पहिले वाक्य ऐकून ज्याने पट्टा पाहिला, त्याच्या इंजिनावर दुसरे वाक्य ऐकण्याची वेळ येत नाही.

हवेचा दाब

मालमोटारीचे ब्रेक संकोचित हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला हवेचा पंप टाक्यांत हवा भरतो, आणि चालकाने पायदाबा दाबला की ही हवा चाकांजवळील डब्यांत शिरून ब्रेक लावते. टाक्यांतील दाब साधारणतः ८ ते १० बार असतो. एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब. पुढील व मागील चाकांसाठी हवेचे मार्ग वेगवेगळे ठेवलेले असतात, म्हणजे एक फुटला तरी दुसरा शिल्लक राहतो.

दाब ठराविक मर्यादेखाली गेला की तांबडा दिवा पेटतो व बहुधा भोंगाही वाजू लागतो. अमेरिकेच्या नियमांत ही मर्यादा दर चौरस इंचास ६० पौंड, म्हणजे सुमारे ४.१ बार, अशी आहे. इतर देशांत व निरनिराळ्या गाड्यांत ती थोडी वेगळी असते. तत्त्व मात्र एकच. दिवा पेटला तेव्हा ब्रेक लावण्यापुरती हवा अद्याप शिल्लक असते. ती हवा गाडी थांबविण्यासाठी आहे. पुढे जाण्यासाठी ती नव्हे.

हवा आणखी कमी झाली तर काय होते? मागील चाकांच्या डब्यांत बळकट स्प्रिंगा असतात आणि हवेचा दाब त्यांना मागे रेटून धरतो. हवा पुरेशी उतरली की स्प्रिंगा सुटतात व ब्रेक आपोआप लागतात. हवा नाहीशी झाली तर ब्रेक सुटू नयेत, उलट ते लागावेत, ही कल्पना जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्यांनी १८७२ मध्ये आगगाडीच्या स्वयंचलित ब्रेकमध्ये आणली होती. तिचे महत्त्व वादातीत आहे. परंतु मालमोटारीत ह्या स्प्रिंगा कोणत्या क्षणी सुटतील ते चालकाच्या हाती राहत नाही. तो क्षण निसरड्या वळणावर आला तर मागील चाके अडकून गाडी घसरू शकते. दिवा पेटल्यावर चालकाने स्वतः गाडी थांबविली तर जागा तो निवडतो. न थांबविली तर जागा स्प्रिंगा निवडतात.

येथे ह्या दिव्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. तो हवेविषयी बोलतो, ब्रेकच्या उष्णतेविषयी नव्हे. २८ टन वजनाची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते असे समजू. तिच्या वजनामुळे मुक्त होणारी ऊर्जा सुमारे १३.७ कोटी जूल भरते. २५ अंशांवरील जवळजवळ ४३७ किलोग्रॅम पाणी उकळबिंदूपर्यंत तापविण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे. ही सर्व उष्णता ब्रेकच्या ड्रमांवर सोडली तर ते तापून प्रसरण पावतात, पट्ट्यांची पकड सुटते, आणि टाक्यांत हवा पूर्ण असूनही गाडी आवरत नाही. बहुतेक मालमोटारींत ह्या उष्णतेसाठी दिवाच नसतो. म्हणून खंडाळ्याचा घाट असो वा निलगिरीचा, उतरणीच्या आरंभीच खालचा गिअर घालून इंजिनाच्या रोधावर गाडी धरावी, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. जो दिवा अस्तित्वातच नाही, त्याची जागा ह्या नियमाने घ्यावयाची असते.

पिवळ्या दिव्यांचे कुटुंब

पिवळ्या दिव्यांपैकी एक चाक अडकू न देणाऱ्या ब्रेक-योजनेचा असतो. प्रत्येक चाकाजवळ दातेरी कडे फिरते आणि शेजारचा संवेदक जाणारे दाते मोजतो. एखादे चाक जोराच्या ब्रेकखाली अडकू लागले की ही योजना तेथील हवा क्षणभर कमी करते. हा दिवा पेटला तर नेहमीचे ब्रेक चालू असतात, मात्र हे जादा साहाय्य बंद झालेले असते. ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवणे व दुरुस्ती करून घेणे, एवढा त्याचा अर्थ आहे.

दुसरा दिवा इंधनातील पाण्याचा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते गाळणीच्या तळाशी साचते. तेथे दोन विद्युत्-अग्रे बसविलेली असतात. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, पाण्यातून वाहते; पाण्याची पातळी अग्रांपर्यंत चढली की दिवा पेटतो. गाळणीखालची तोटी सोडून पाणी काढणे हे काही मिनिटांचे काम आहे. ते टाळले तर पाणी अतिशय सूक्ष्म मापाने घडविलेल्या इंधन-पिचकाऱ्यांत शिरून त्यांचा नाश करते.

तिसरा गट धुराशी संबंधित आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. भारत स्टेज ४ मध्ये अवजड इंजिनाला दर किलोवॅट-तासास ३.५ ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. स्थिर चाचणीतील ती मर्यादा आता ०.४ ग्रॅमवर आली. हे साधण्यासाठी धुरात युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणाचा फवारा सोडतात. उष्णतेने युरियापासून अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी ह्यांत रूपांतर करतो.

ह्या द्रावणाची टाकी रिकामी होऊ लागली की पिवळा दिवा पेटतो. तिकडे दुर्लक्ष झाले तर इंजिनाची शक्ती मुद्दाम कमी केली जाते. ज्या युरोपीय मानकांवर भारत स्टेज ६ आधारलेले आहे, त्यांत प्रथम इंजिनाचा कमाल पीळ २५ टक्क्यांनी घटविण्याची, व त्यानंतर वेग ताशी २० किलोमीटरवर रोखण्याची तरतूद आहे. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून ही टाकी भरण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्या खतात अपद्रव्ये असतात. शिवाय २०१५ पासून आपल्याकडील खताच्या युरियाला निंबाच्या तेलाचे लेपन असते. पिकाला हितकारक असलेले ते लेपन फवाऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांना व उत्प्रेरकाला मात्र मारक ठरते.

काजळी अडविणाऱ्या गाळणीचाही दिवा असतो. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेवर जाळून ही गाळणी स्वच्छ केली जाते. ह्या वेळी धुराड्याची उष्णता दर्शविणारा दिवा पेटतो. तो बिघाड सुचवीत नाही. पण त्या वेळी वाळलेल्या गवतावर अथवा कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी करणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

दिव्यामागील अंक

आजच्या मालमोटारीत इंजिन, ब्रेक, गिअर ह्यांचे स्वतंत्र नियंत्रक असतात व ते एकाच तारांच्या जोडीवरून परस्परांशी बोलतात. ह्या संदेशवहनाची मूळ पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. अवजड वाहनांत तिच्यावर आधारलेले जे १९३९ हे मानक वापरतात. त्यात दोष आढळला की नियंत्रक त्याची वार्ता दर सेकंदास प्रसृत करतो.

ह्या वार्तेत दोन अंक मुख्य असतात. पहिला अंक कोणत्या घटकाविषयी तक्रार आहे ते सांगतो, दुसरा तक्रारीचा प्रकार सांगतो. उदाहरणार्थ, इंजिन-तेलाच्या दाबाचा अंक १०० आहे. १०० बरोबर १ हा अंक आला तर दाब खरोखरच धोकादायक इतका उतरला आहे. १०० बरोबर ४ आला तर संवेदकाचा विद्युत्-दाब नेहमीपेक्षा कमी आहे. म्हणजे बहुधा तार अथवा संवेदक बिघडला आहे. एकीकडे इंजिन धोक्यात आहे, दुसरीकडे इंजिनाची बातमी आणणारा दूत. हा भेद कारागिराला अंकांवरून कळतो. रस्त्यावरील चालकाने मात्र तांबडा दिवा खरा मानूनच थांबावे. दूत खोटा ठरल्यास वेळ जातो, खरा ठरल्यास इंजिन वाचते.

न पेटणारा दिवा

किल्ली फिरविताच फलकावरील बहुतेक दिवे काही क्षण एकदम पेटतात. ही दिव्यांची हजेरी असते. तेलाचा दिवा ह्या वेळी पेटला नाही तर दाब उत्तम आहे असा अर्थ होत नाही. इंजिन अजून चालूच नाही, तेव्हा दाब कोठून असणार? दिवा अथवा त्याची तार बिघडली आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. मुका पहारेकरी नसलेल्या पहारेकऱ्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर घरधनी निर्धास्त झोपतो.

हवेच्या भोंग्याविषयी एक वेगळाच धोका संभवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाक्यांतील हवा उतरते, आणि सकाळी इंजिन चालू केल्यावर दाब चढेपर्यंत भोंगा वाजत राहतो. रोज ऐकून कान त्याला सरावतात. कोणी त्रासून तार तोडतो, कोणी दिव्यावर चिकटपट्टी लावतो. असे केल्याने सकाळचा आवाज जातो हे खरे. पण उतरणीवर जो आवाज यावयास हवा, तोही त्याबरोबरच जातो. सकाळी दाब चढेपर्यंत थांबणे आणि भोंगा बंद झाल्यावरच निघणे, ही त्या यंत्राची रोजची परीक्षा आहे असे मानले पाहिजे.

दिव्याला दुरुस्ती करता येत नाही, आणि गाडी थांबविणेही त्याच्या हाती नाही. तो केवळ अवधी देतो. त्या अवधीचे काय करावयाचे, हे फलकासमोर बसलेल्या माणसाने ठरवावयाचे असते. मालाच्या वेळेची घाई, मालकाचा फोन, पुढचे गाव जवळच असल्याची समजूत, ही सर्व कारणे त्या क्षणी दिव्याच्या विरुद्ध साक्ष देत असतात. ज्याला दिव्यामागील तेल, पाणी, हवा व स्प्रिंग ह्यांची ओळख आहे, त्याला कोणाची साक्ष खरी मानावी हे सहज कळते. त्या ज्ञानाचा लाभ त्याच्या एकट्याच्या इंजिनालाच होतो असे नाही. त्याच रस्त्याने सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलालाही तो होतो.